‘गिव्ह अप’ : एका क्रियापदाची कुळकथा

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा संपादित पाठ)



शंभर वर्षांची परंपरा असलेल्या एका मराठी ग्रंथालयाने आपल्या उत्सवात एका इंग्रजी क्रियापदावर व्याख्यान ठेवावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु आपल्या या सीमाभागातील गावात घरात मराठी, बाजारपेठेत कन्नड आणि शाळा-कचेरीत इंग्रजी असा तीन भाषांचा शेजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. शेजाऱ्याच्या घरातील माणसे कशी वागतात हे पाहताना आपल्या घरातील रीत अधिक चांगली उमगते. भाषांच्या बाबतीतही तसेच घडते. म्हणून आज मी ‘गिव्ह अप’ हा दोन शब्दांचा, अगदी शाळकरी मुलाच्या तोंडी असणारा प्रयोग घेऊन आपल्यापुढे उभा आहे. तो मूळचा कुठला, त्याचा अर्थ कसा घडला आणि त्याला मराठीत काय म्हणावे, एवढाच माझा विषय आहे. त्या ओघात आपल्याला स्वतःविषयीही थोडे बोलावे लागेल.

इंग्रजीत क्रियापदापुढे ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑफ’ यांसारखा एखादा लहानसा शब्द येऊन बसतो आणि त्या जोडीतून तिसराच अर्थ निघतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे वर देणे नव्हे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या जोड्यांची आवर्जून दखल घेतली. परक्या माणसाला इंग्रजी शिकताना सर्वांत मोठी अडचण याच ठिकाणी येते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी उदाहरणे दिली, पण या प्रकाराला रूढ झालेले नाव पुढे फार उशिरा मिळाले. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळे प्रचारात आली आणि ती आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली, असे स्मिथ यांनीच नमूद केले आहे. गोष्ट आठ-नऊशे वर्षांची आणि तिचे नाव शंभर वर्षांचे, असा हा प्रकार आहे. बोलणारे आधी बोलतात, व्याकरणकार मागाहून बारसे करतो.

आता आपल्या क्रियापदाकडे वळू. इंग्रज माणूस आपली जागा एखाद्या वृद्धेला देतो, तेव्हा तो जागा ‘गिव्ह अप’ करतो. धूम्रपान थांबवतो, तेव्हाही हेच क्रियापद येते. फरारी आरोपी पोलिसांच्या स्वाधीन होतो, तोही स्वतःला ‘गिव्ह अप’ करतो. गणित सुटेना म्हणून मुलगा पेन्सिल खाली ठेवतो, तेथेही तेच. डॉक्टर रोग्याची आशा सोडतात, तेथेही तेच. एकच जोडी, पण मराठीत आपण पहिल्या ठिकाणी ‘जागा दिली’ म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी ‘सिगारेट सोडली’, तिसऱ्या ठिकाणी ‘हजर झाला’ किंवा ‘शरण आला’, चौथ्या ठिकाणी ‘नाद सोडला’ आणि पाचव्या ठिकाणी ‘हात टेकले’. विद्यार्थी वर्गात विचारतात, “सर, यांपैकी ‘गिव्ह अप’चा खरा अर्थ कोणता?” सगळेच खरे, हे उत्तर त्यांना पटत नाही. त्यांना कोशात एका ओळीत एक शब्द हवा असतो. परंतु शब्दाचा अर्थ ही तिजोरीत ठेवलेली नाणी नव्हेत. तो नदीसारखा असतो. उगम एक, पण प्रत्येक घाटावर पाणी वेगळे दिसते. म्हणून उगमापर्यंत जाणे भाग आहे.

हा उगम इंग्लंडच्या एका मठात सापडतो. पीटरबरो या गावातील मठाला १११६ साली मोठी आग लागली. आगीत मठाबरोबर तेथील लेखनही गेले. मठवासीयांनी पुढे दुसऱ्या ठिकाणाहून इतिवृत्ताची प्रत मिळवून ११२१ च्या सुमारास ती पुन्हा उतरवून काढली आणि नंतरच्या घटना तीत लिहीत राहिले. ग्रंथ जळाला म्हणून ते थांबले नाहीत. उसना ग्रंथ आणून त्यांनी नव्याने नक्कल केली. ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हे हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्याची शेवटची पाने ११५४ च्या सुमारास एका अनाम लेखकाने लिहिली.

या शेवटच्या पानांत स्टीफन राजाच्या कारकिर्दीची हकीकत आहे. स्टीफनने ११३५ ते ११५४ या काळात राज्य केले. राज्य केले असे म्हणायचे एवढेच. गादीवरून यादवी माजली होती, सरदार आपापल्या किल्ल्यांत बसून प्रजेला लुटत होते. धर्मगुरूही यात मागे नव्हते. सॉल्झबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर आणि राजाचा चॅन्सेलर असलेला दुसरा रॉजर, ही एकाच घराण्यातील माणसे मजबूत किल्ले बाळगून होती. ऑक्सफर्डच्या दरबारात राजाने त्यांना पकडले आणि कैदेत टाकले. ही घटना ११३९ ची, पण इतिवृत्तकाराने ती ११३७ या सालाखाली नोंदली आहे. त्यांनी आपले किल्ले राजाच्या हवाली करीपर्यंत त्यांना कैदेत ठेवले, अशा अर्थाचे वाक्य तो लिहितो आणि ‘हवाली केले’ यासाठी ‘याफेन अप’ असे शब्द योजतो. ‘याफेन’ हे ‘गिव्ह’चे त्या काळचे भूतकाळी अनेकवचनी रूप. उपलब्ध इंग्रजी लेखनात ‘गिव्ह अप’च्या ज्या अगदी जुन्या नोंदी सापडतात, त्यांपैकी ही एक आहे.

म्हणजे पाहा, आज परीक्षेला कंटाळलेला मुलगा जे क्रियापद सहज वापरतो, त्याच्या मागे किल्ल्याचा दरवाजा उघडल्याचा आवाज आहे. ‘गिव्ह अप’ म्हणजे आपल्या ताब्यातील वस्तू, आपली इच्छा असो वा नसो, दुसऱ्याच्या ताब्यात देणे. एवढे ध्यानात ठेवले की बाकीचे अर्थ क्रमाने उलगडतात. आधी किल्ला हवाली केला. मग पद, अधिकार, हक्क सोडला, कारण तोही एक प्रकारचा ताबाच. मग सवय सोडली, कारण माणूस सवयही धरून बसलेला असतो. मग प्रयत्न सोडला, आशा सोडली. भौतिक वस्तूकडून मनातील वस्तूकडे हा प्रवास झाला. शेवटी तर वस्तूचा उल्लेखही गळून पडला. आज नुसते ‘आय गिव्ह अप’ म्हटले की पुरते. काय सोडले हे सांगावे लागत नाही. सकर्मक क्रियापद अकर्मक होऊन बसले.

बायबलचे १६११ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा आहे. त्यात येशूच्या मृत्यूचे वर्णन करताना ‘घोस्ट’ ‘गिव्ह अप’ केल्याचा प्रयोग आहे. येथे ‘घोस्ट’ म्हणजे भूत नव्हे. त्या शब्दाचा जुना अर्थ प्राण, आत्मा असा होता. ज्याचे होते त्याला प्राण परत दिले, ही कल्पना. आपण ‘प्राण सोडला’ म्हणतो. इंग्रजीत पुढे या गंभीर प्रयोगाची थट्टाही झाली आणि बंद पडलेल्या यंत्रालाही तो लावू लागले. आपल्याकडे जुन्या पंख्याने ‘राम म्हटला’ असे आपण म्हणतोच की!

आता प्रश्न उरतो तो ‘अप’चा. देण्याच्या क्रियेत ‘वर’ कोठून आले? इंग्रजीत ‘अप’ हा शब्द दिशा दाखवतो, तसाच पूर्णताही दाखवतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन संपवणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून टाकणे, ‘बर्न अप’ म्हणजे जळून खाक होणे. भांडे भरताना पाणी वर येते आणि काठाला लागले की भरणे पूर्ण होते. ‘वर’ आणि ‘पूर्ण’ या कल्पना अशा जवळच्या आहेत. आपणही ‘काठोकाठ’ म्हणतो तेव्हा उंचीने पूर्णता मोजतो. ‘गिव्ह अप’मधील ‘अप’ मला या पूर्णतेचा वाटतो : देऊन मोकळे होणे, मागे काही न ठेवणे. हा प्रयोग इंग्रजांचा एकट्याचाही नाही. जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश या त्यांच्या भगिनीभाषांत ‘देणे’ आणि ‘वर’ यांच्याच जोडीने हा अर्थ सांगितला जातो. प्राचीन नॉर्स भाषेतही ‘गेफा उप्प’ असा प्रयोग होता. पीटरबरो हा भाग डॅनिश लोकांनी वसाहत केलेल्या पूर्व इंग्लंडातला असल्याने या प्रकारच्या प्रयोगांना नॉर्सचे बळ मिळाले असावे, असे काही अभ्यासक मानतात. ‘गिव्ह’ या शब्दातील कठोर ‘ग’ तर नॉर्सच्या प्रभावानेच आला. अस्सल जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार ‘य’कारयुक्त होता, इतिवृत्तातील ‘याफेन’ हे रूप त्याचीच साक्ष देते. शुद्ध इंग्रजी म्हणून आपण ज्याच्याकडे आदराने पाहतो, त्यातला ‘दे’ हा शब्दसुद्धा शेजाऱ्याच्या उच्चाराने घडलेला आहे. शेजारी भाषेचा एखादा शब्द मराठीत आला की नाक मुरडणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा.

त्याही आधी, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, इंग्रजीत हा अर्थ कसा सांगत? तेथे आपल्याला ओळखीचा देखावा दिसतो. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या आधी उपसर्ग लागत. ‘ऑफगिएफन’ म्हणजे सोडून जाणे, त्यागणे. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन महाकाव्यात तो शब्द आहे. या उपसर्गयुक्त क्रियापदांपैकी बहुतेक पुढे नष्ट झाली. ‘फर्गिव्ह’, म्हणजे क्षमा करणे, हे त्यातून वाचलेले एक रूप. क्षमा करण्यातही ‘देणे’ आहे, हे लक्षात घ्या. जे उपसर्ग आधी पुढ्यात उभे होते, त्यांची जागा क्रियापदाच्या मागे उभ्या राहणाऱ्या ‘अप’, ‘आउट’सारख्या शब्दांनी घेतली.

उपसर्ग म्हटल्यावर संस्कृत शिकलेल्या श्रोत्यांचे कान टवकारले असतील. ‘हृ’ हा एकच धातू आणि त्यापासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे ओढून नेतो, हे आपण शाळेत शिकलो. ‘दान’ म्हणजे देणे आणि त्याला ‘आ’ लागला की ‘आदान’ म्हणजे घेणे. एका स्वराने देणारा घेणारा झाला! इंग्रजीचे ‘अप’, ‘इन’, ‘आउट’ हेच काम करतात. हे साम्य वरवरचे नाही, त्यात कुळाचे नाते आहे. ‘अप’ हा शब्द संस्कृत ‘उप’चा आणि ‘आउट’ हा ‘उद्’चा दूरचा भाऊबंद आहे, हे तौलनिक भाषाशास्त्राने दाखवून दिले आहे. आणखी एक गंमत पाहा. इंग्रजीत ‘गिव्ह द कासल अप’ असे म्हणता येते, म्हणजे क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये कर्म येऊन बसते. सर्वनाम असेल तर ते मध्येच बसावे लागते. ‘गिव्ह इट अप’ शुद्ध, ‘गिव्ह अप इट’ अशुद्ध. आपल्याला हे विचित्र वाटते. परंतु वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूपासून दूरही राहू शकत असे, धातूच्या मागेही येत असे, आणि पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात याची नोंद केली आहे. पुढे लौकिक संस्कृतात उपसर्ग धातूला कायमचा चिकटला. इंग्रजीने ते स्वातंत्र्य वेगळ्या वाटेने पुन्हा मिळवले, असे म्हणायला हरकत नाही. आणि ‘उत्सर्ग’ हा शब्द घ्या. ‘उद्’ म्हणजे वर, ‘सृज्’ म्हणजे सोडणे. उत्सर्ग म्हणजे त्याग, दान. ‘प्राणोत्सर्ग’ म्हणजे ‘घोस्ट’ ‘गिव्ह अप’ करणेच. सोडून देण्यात ‘वर’ पाहणारे इंग्रज एकटे नव्हेत.

मराठी मात्र संस्कृतची लेक असूनही उपसर्गांच्या वाटेने फार गेली नाही. तत्सम शब्द सोडले, तर आपल्या रोजच्या बोलण्यातील क्रियापदांना उपसर्ग क्वचितच लागतात. मग अर्थाची ही नाजूक छटा आपण कशी दाखवतो? संयुक्त क्रियापदाने. मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त यांचा विचार केला आहे. ‘सांगितले’ हे साधे विधान. ‘सांगून टाकले’ म्हणजे मनावरचे ओझे उतरवले. ‘सांगून ठेवले’ म्हणजे पुढची तरतूद केली. ‘सांगून पाहिले’ म्हणजे उपयोग होतो का ते अजमावले. ‘सांगून बसला’ म्हणजे नको ते बोलला आणि आता पस्तावतो आहे. ‘सांग’ तोच, मागचा शब्द बदलला की माणसाचे सारे मन बदलते. जॉन्सन यांना परक्यांची जी अडचण इंग्रजीत दिसली, तीच मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला या ठिकाणी येते.

आता ‘गिव्ह अप’ला आपला सर्वांत जवळचा शब्द कोणता? ‘सोडून देणे’. हा शब्द उलगडून पाहा. त्यात मुख्य क्रिया ‘सोडणे’ आणि तिला पूर्ण करणारी, आपल्यापासून दूर लोटणारी क्रिया ‘देणे’. इंग्रजीत ‘देणे’ मुख्य आणि ‘वर’ त्याला पूर्ण करणारे. दोन्हींत ‘देणे’ आहे. एकीकडे ते यजमान आहे, दुसरीकडे पाहुणे. फेकून देणे, टाकून देणे, हाकलून देणे, ढकलून देणे, या सगळ्यांत प्रत्यक्ष कोणालाच काही मिळत नाही, तरी आपण ‘देतो’. आणि कन्नडकडे वळून पाहा. ‘बिट्टुकोडु’. ‘बिट्टु’ म्हणजे सोडून, ‘कोडु’ म्हणजे दे. शब्दाला शब्द लावून ‘सोडून दे’. ‘कोट्टुबिडु’ म्हणजे ‘देऊन टाक’. मराठी आर्यकुळातली, कन्नड द्राविडकुळातली. रक्ताचे नाते नाही, पण शेजार इतका जुना की घराची बांधणी सारखी झाली. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा विचार मांडला, तो याच प्रकारच्या देवघेवीच्या आधारावर. आपल्याला तो या गावाच्या बाजारात रोज ऐकू येतो.

मराठीजवळ आणखी एक सोय आहे, ती इंग्रजीच्या या क्रियापदाजवळ नाही. ‘त्याने दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’ ही दोन वाक्ये आपण वेगळी ठेवतो. पहिल्यात निश्चय आहे, दुसऱ्यात सुटका. व्यसनाच्या विळख्यातून बाहेर पडलेल्या माणसाच्या घरातली बाई बहुधा दुसरे वाक्य बोलते. भाषांतरकाराने हा फरक ओळखला नाही, तर तो शब्द बरोबर आणि माणूस चूक, असे भाषांतर करून बसेल.

आणि मग आपले वाक्प्रचार. ‘पाणी सोडणे’ म्हणजे आशा किंवा हक्क कायमचा सोडणे. हा प्रयोग दानविधीतला आहे. हातावर उदक घेऊन ते सोडले की दान पुरे झाले, वस्तूवरचे स्वामित्व संपले. ‘तुळशीपत्र ठेवणे’ हेही तसेच. ज्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवले, ती आपली राहिली नाही. ‘तिलांजली देणे’ तर श्राद्धकर्मातून आलेले, मृताला तीळमिश्रित पाण्याची ओंजळ देणे. काशी-गयेची यात्रा करून आलेली वडीलधारी मंडळी एखादे आवडते फळ किंवा भाजी ‘सोडून’ येत, हेही आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजीच्या ‘गिव्ह अप’चा जन्म किल्ल्याच्या दरवाजात झाला, तेथे हरलेल्याची मान खाली आहे. आपल्या ‘पाणी सोडण्या’चा जन्म पाटावर झाला, तेथे देणाऱ्याचा हात वर आहे. व्यवहारात दोन्हींचा अर्थ आज जवळजवळ सारखा झाला असला, तरी मुळातली ही वेगळी मनोवृत्ती विसरू नये. २०१५ साली केंद्र सरकारने स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान ऐपतदारांनी स्वेच्छेने सोडावे म्हणून मोहीम काढली. तिचे नाव ‘गिव्ह इट अप’. एक कोटीहून अधिक ग्राहकांनी अनुदान सोडले. त्या नावात इंग्रजी शब्द होते, पण आवाहन तुळशीपत्राचे होते.

येथे ‘गिव्ह इन’ या त्याच्या भावंडाचाही उल्लेख केला पाहिजे. विन्स्टन चर्चिल यांनी २९ ऑक्टोबर १९४१ रोजी हॅरो येथील शाळेत केलेले भाषण प्रसिद्ध आहे. त्यांनी ‘नेव्हर गिव्ह अप’ म्हटले, असे फलकांवर सर्रास लिहिलेले आढळते. त्यांचे शब्द ‘नेव्हर गिव्ह इन’ असे होते. फरक लहान नाही. ‘गिव्ह इन’ म्हणजे समोरच्याच्या दबावाखाली नमणे, आपल्या भाषेत नांगी टाकणे. ‘गिव्ह अप’ म्हणजे आपणच प्रयत्न थांबवणे. पहिल्यात शत्रू बाहेर असतो, दुसऱ्यात आत.

हा फरक आपल्या इतिहासाने फार स्पष्ट दाखवला आहे. १६६५ साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले. पीटरबरोच्या लेखकाच्या भाषेत बोलायचे, तर ते किल्ले त्यांनी ‘गिव्ह अप’ केले. परंतु आजच्या अर्थाने त्यांनी ‘गिव्ह अप’ केले काय? १६७० साली सिंहगडापासून ते किल्ले परत येऊ लागले, हे त्याचे उत्तर. किल्ले दिले, नाद सोडला नाही. शब्दाचा जुना आणि नवा अर्थ एका माणसाच्या चरित्रात असे समोरासमोर उभे राहतात.

मित्रहो, एवढे शब्दांविषयी झाले. आता ज्यासाठी मी हा विषय निवडला, ते सांगतो. आपल्या गावातले अनेक पालक आज भेटतात आणि म्हणतात, मुलाला इंग्रजी नीट यावे म्हणून आम्ही घरातही मराठी बोलणे सोडून दिले. त्यांच्या काळजीत खोटेपणा नाही. नोकरी इंग्रजीवर आहे, हे मी शिक्षक असल्याने रोज पाहतो. पण वर्गात मी हेही पाहतो की ज्या मुलाला ‘सोडले’ आणि ‘सुटले’ यांतला भेद कळतो, त्याला ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांतला भेद एका तासात कळतो. ज्याला एकाही भाषेत असा भेद करण्याची सवय नाही, तो इंग्रजीचे नुसते पाठांतर करतो. दुसरी भाषा पहिलीच्या जागेवर बसत नाही, ती पहिलीच्या खांद्यावर उभी राहते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि कँडी यांनी पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. त्या कामात पंडितांनी आणि साहेबांनी दोन्ही भाषा हातात धरल्या होत्या, एकही सोडलेली नव्हती. इंग्रजीतील या जोडक्रियापदांचा, त्यांच्या मराठी छटा वाक्यांसह देणारा एखादा नेटका कोश आपल्याकडील तरुण अभ्यासकांनी सिद्ध करावा आणि तो अशा ग्रंथालयात बसून करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

ज्या इतिवृत्तात ‘गिव्ह अप’ आढळते, त्याची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. ते ११५४ पाशी संपते. त्यानंतर तेथे इंग्रजीत कोणी पुढचे पान लिहिले नाही. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर राजदरबार फ्रेंच बोलत होता, विद्वान लॅटिन लिहीत होते. इंग्रजी ही शेतकऱ्यांची, मजुरांची, दायांची बोली उरली होती. त्या दिवशी एखाद्या शहाण्या पालकाला विचारले असते, तर मुलाला फ्रेंच शिकव, इंग्रजीवर पाणी सोड, असाच सल्ला त्याने दिला असता. आणि व्यवहाराने तो चूक ठरला नसता. न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडण्याचा कायदा व्हायला १३६२ साल उजाडले, आणि तो कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्येच! मधली दोनशे वर्षे ही भाषा कोणी जगवली? दरबाराने नव्हे. घरात, शेतात, बाजारात बोलणाऱ्यांनी जगवली, आणि तिने फ्रेंचकडून हजारो शब्द घेतले तरी आपली क्रियापदे, आपले ‘अप’ आणि ‘आउट’ सोडले नाहीत. आज जिच्या धाकाने आपण आपली भाषा सोडायला निघालो आहोत, ती इंग्रजी स्वतः एके काळी सोडून दिलेली भाषा होती. तिला न सोडणारी माणसे होती म्हणून ती आज आहे.

या ग्रंथालयाने शंभर वर्षे दुसरे काय केले? राज्ये बदलली, सीमा बदलल्या, पाट्यांवरची लिपी बदलली. पण संध्याकाळी दार उघडायचे, दिवा लावायचा, पुस्तक नोंदवून द्यायचे आणि परत आले की जागेवर ठेवायचे, हा नेम चालू राहिला. वाचक रोडावले तरी दार उघडत राहिले. येथे पुस्तक ‘दिले’ जाते, ‘देऊन टाकले’ जात नाही. ते परत येते आणि दुसऱ्या हाती जाते. भाषाही अशीच असते. ती जितक्यांना द्यावी तितकी आपल्याजवळ राहते, आणि कोणालाच द्यायची नाही असे ठरवले की आपल्याही हातातून जाते. आपल्या नातवंडांना ती द्या, एवढेच माझे मागणे आहे.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा देतो.